जिजीच्या वह्या : कामाची नोंद

३ ऑगस्ट २०२५, रविवार

आज सुरुवात केली एकदाची. जिजीला, म्हणजे माझ्या आजीला, जाऊन कार्तिक वद्यात वर्ष होईल, तोपर्यंत तिच्या हिशेबाच्या सगळ्या वह्या स्कॅन करायच्या, एका शीटमध्ये उतरवायच्या आणि आत्या, बाबा, काका तिघांच्या घरी एकेक छापील प्रत द्यायची असं ठरवलंय. काम कुठवर आलं ते विसरायला नको म्हणून ही नोंद लिहून ठेवतेय.

कुर्डुवाडीच्या घरातनं पत्र्याची पेटी काल बाबांनी पुण्याला आणली. उघडली तर डांबरगोळ्यांचा वास, वर जुनं पातळ अंथरलेलं आणि खाली वह्या. एकूण २९. त्यातल्या अर्ध्याच खऱ्या वह्या, बाकी मुलांच्या शाळेच्या वह्यांची उरलेली कोरी पानं काढून दाभणाने टाचून केलेल्या. एका वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर म्हणजे चक्क साबणाचा खोका आहे उसवून सपाट केलेला. पहिली १९६३ ची, शेवटची २०१९ ची.

जिजी चौथी शिकलेली. १९६२ ला लग्न होऊन कुर्डुवाडीत आली, आप्पा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. त्यांचे वडील पण त्याच रेल्वेत, म्हणजे बार्शी लाईट कंपनीची होती तेव्हापासून (१ जानेवारी १९५४ ला सरकारने घेतली ती). पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर श्री, त्याखाली "पयला पगार हातात" आणि लगेच ज्वारी, राकेल, मीठ, काडेपेटी. पैसे "न.पै." लिहिलेत. नवे पैसे हा शब्द सरकारनं १९६४ लाच काढून टाकला पण जिजीच्या वहीत तो ७० सालापर्यंत आहे.

१० ऑगस्ट, रविवार

चार वह्या झाल्या. आधी मोबाईलच्या स्कॅनिंग ॲपने करून बघितलं, ते पान जास्तच पांढरं करतं आणि जिजीची पेन्सिल गायब होते. कारण तिने जवळजवळ सगळं पेन्सिलीने लिहिलंय, मुलांच्या झिजलेल्या पेन्सिली, बोटात धरता येईल तोवर वापरायची. मग सौरभने (माझा नवरा) सुचवलं की खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, पानाला अगदी टेकवून तिरका धरून बघ. आणि काय सांगू, जिथं शिसं पार पुसलंय तिथंसुद्धा पेन्सिल दाबल्याचे वळ उठून दिसायला लागले! जिजी दाबून लिहायची. आकडे तर इतके दाबून की मागच्या पानावर उलटे उमटलेत. आता तो टॉर्च धरतो, मी फोटो काढते, एका संध्याकाळी चाळीसएक पानं होतात.

फाईलची नावं: साल-वही-पान. उदा. १९७२-०२-०१७. जिजीची लघुरूपं वेगळ्या कागदावर लिहितेय. रा. म्हणजे राकेल, शें. शेंगा, गो. गोडेतेल, दू. दूध. "मि." दोन दिवस कळेना, ७२ च्या दिवाळीपासून पुढे सारखं येतंय. आत्याला फोन केला तर ती एकदम म्हणाली, "अगं मिलो! रेशनची लाल ज्वारी. आई भाकरी थापायला बसली की तव्यावर जाईस्तोवर मोडायची, चिकटपणाच नव्हता पिठाला, मग ती उकळत्या पाण्यात पीठ मळायची नि कडेनं बोटानं सांधत सांधत टाकायची."

दुष्काळाची ती सगळी वही पंधरा पानांची आहे फक्त. घ्यायलाच काही नव्हतं तर लिहिणार काय.

१६ ऑगस्ट, शनिवार

शीटमध्ये एक कॉलम वाढवला, "कोणासाठी". ही कल्पना काकांच्या मुलीची, ती म्हणाली ताई नुसते भाव टाकून काय होणार, कुणावर किती खर्च झाला ते बघू की. मला आवडलं. जिजीच्या नोंदी तशा स्पष्ट असतात, "पोरीस दप्तर", "धाकट्यास बनेल", "ह्यांस चप्पल". आप्पांचं नाव कुठेच नाही, सगळीकडे हे, ह्यांस, ह्यांचे. आठ वह्या त्या कॉलमसकट पूर्ण झाल्या, मग फिल्टर लावून एकेकाचं बघत बसले. आत्याच्या नावावर ढीगभर, बाबांच्या नावावर त्याहून जास्त (पुस्तकं आणि औषधं, बाबा लहानपणी सारखे आजारी), काकांच्या नावावर फुटबॉलचा ब्लॅडर तीनदा. आणि "मला" किंवा "माझे" असा शब्द आठ वह्यांत एकदाही नाही.

बांगड्या आहेत संक्रांतीला, त्या तिच्याच असणार. लुगडं नाही. ते का नाही हे आत्याने सांगितलं, लुगडं तिला पंचमीला आणि दिवाळीला माहेरनं यायचं, इरकली, लाल पदराचं, तेच वर्षभर. म्हणजे पैसे देऊन घेतलंच नाही तर हिशेबात येणार कुठून.

एक गोष्ट मात्र सापडली. दर पंधरा दिवसांनी "मंजन ०.१०". एवढं मंजन कुणाला लागत होतं? बाबा हसले नुसते. मिशेरी ती! तंबाखू भाजायची तव्यावर दुपारी सगळे बाहेर असताना, आणि आम्ही नातवंडं सुट्टीत गेलो की तो वास यायचाच, पण आप्पांनी वही चाळली तर दिसू नये म्हणून मंजन. आप्पांना माहीत नव्हतं असं होणंच शक्य नाही. शीटमध्ये मी "कोणासाठी : जिजी" असं टाकलं. तिचा पहिला खर्च.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी जेवणाला आत्या आलीये, म्हणून काम मागे आणि गप्पा पुढे. पण गप्पांतनंच जास्त काम होतंय.

तिला विचारलं की दरवर्षी आषाढात ज्वारी दुप्पट-तिप्पट का होते, आणि बेसन, मिरची, शेंगा पण. माणसं तर घरात पाचच. तर म्हणाली अगं वारी! आमची कुर्डुवाडी म्हणजे जंक्शन, मुंबई-सोलापूर मोठी लाईन आणि तिला आडवी आमची छोटी, लातूरकडनं बार्शीवरनं येऊन पंढरपूर मार्गे मिरजेला जाणारी. रुळातलं अंतर तेव्हा अडीच फूट. आषाढी-कार्तिकीला त्या छोट्या गाडीला आतमध्ये तर जागा नसायचीच, माणसं टपावर बसायची, बायका सुद्धा, गाठोडं मांडीवर घेऊन. रात्री गाडी चुकली की लोक प्लॅटफॉर्मवर नाहीतर कॉलनीतल्या कुणाच्याही ओट्यावर झोपायचे. जिजीच्या क्वार्टरचा ओटा स्टेशनपासून तिसरा.

"ओळखीची असायची का माणसं?" मी विचारलं.

"कसली ओळख. पहाटे आई उठून बघायची ओट्यावर किती डोकी हायत, तेवढं पीठ काढायची. पिठलं आणि भाकरी, बास. एक म्हातारी होती औशाकडची, ती तेवढी दरवर्षी यायची. एका वर्षी नाही आली तर आईनं त्या दिवशी भाकरी टाकल्याच पण धड जेवली नाही."

त्या म्हातारीचं वहीत काही असेल म्हणून आम्ही दोघी रात्री दीडपर्यंत शोधत बसलो. नाही सापडलं. माणसांचं काही लिहायचीच नाही जिजी, फक्त वस्तू आणि पैसे. पण आता आषाढातली ज्वारी दिसली की मला ओट्यावरची डोकी मोजता येतात. ६६ साली कमी आहे, ६९ ला खूप.

१४ सप्टेंबर, रविवार

एकवीस वह्या झाल्या. ८० च्या पुढचं काम पटापट होतंय, अक्षर वळणदार झालंय तिचं, बहुतेक मुलांचा अभ्यास घेऊन घेऊन. पोस्टकार्डांचा खर्च वाढला, १५ पैशाची पंधरा-पंधरा एकदम, कारण आत्याचं लग्न झालं. दुधाचा हिशेब वहीतनं जाऊन कालनिर्णयवर गेला आणि ती कॅलेंडरं कुणी ठेवली नाहीत. ९६ ला आप्पा गेले, त्या महिन्याचं पान कोरं आहे. पुढच्या पानावर नेहमीसारखं, फक्त "ह्यांस" नाही.

एक अडचण. १९७४ ची वही नाहीच. ७३ डिसेंबरला संपते आणि पुढची एकदम ७४ च्या ऑगस्टपासून. बाबा म्हणतात हरवली असेल, किंवा वाळवी. आत्या गप्प बसली जरा वेळ आणि म्हणाली की ७४ ला संप झाला होता रेल्वेचा, तेव्हा आम्ही मामाकडे होतो उन्हाळाभर, तिथं राहिली असेल. मामा म्हणजे जिजीचा भाऊ, आमचे मामाआजोबा, माढा तालुक्यातच सीनेच्या काठी गाव. आता तिथं त्यांचा मुलगा असतो. फोन केला, तो म्हणाला माळ्यावर जुनी ट्रंक आहे आत्याची (त्याची आत्या म्हणजे जिजी), दसऱ्याला या, काढून ठेवतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

सीनेला पूर. टीव्हीवर माढा, करमाळा, मोहोळ तेच चालू आहे, गावंच्या गावं पाण्यात, हायवेवर पाणी. मामाआजोबांच्या घरचे सगळे काल रात्रीच वरच्या शाळेत गेलेत, सुखरूप आहेत. एक म्हैस गेली त्यांची. ऊस आणि तूर तर गेलीच.

वहीचं मी विचारलं नाही. कसं विचारणार.

२८ सप्टेंबर, रविवार

मामाआजोबांच्या मुलानेच फोन केला. घरात छातीएवढं पाणी होतं, ट्रंक आधीच माळ्यावरनं काढून खाली ठेवली होती, आमच्यासाठीच, दसऱ्याला देता यावी म्हणून. हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की बोलायलाच येईना. तो माणूस घरातला चिखल काढतोय, दावणीची म्हैस गेलीये आणि मला म्हणतोय, "ताई, वही हाय, पण चिखलात हाय, काय करू सांगा, उन्हात टाकू का?"

नाही म्हटलं, उन्हात नको, पानं उघडू पण नका! ओला कागद उघडायला गेलं की फाटतो आणि उन्हात एकाला एक चिकटून बसतो. आणि दोन दिवसात वाळला नाही की बुरशी. त्यावर उपाय म्हणजे गोठवणे. गोठला की बुरशी थांबते, मग नंतर सावकाश काढून वाळवता येतं, मोठ्या लायब्रऱ्या पुरानंतर असंच करतात. पण त्यांच्या गावात लाईटच नाही. बाबा आणि काका आज कपडे, धान्य, औषधं घेऊन गेलेत तिकडे, जाताना कुर्डुवाडीतनं थर्माकोलचा बॉक्स आणि बर्फ घेतला. वही साध्या पाण्यातनं हलकेच, बंद ठेवूनच धुतली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, बर्फात ठेवली आणि रात्री साडेअकराला घरी आली. आता आमच्या फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीच्या बाजूला आहे.

ट्रंकेत मामाआजोबांच्या जमिनीचे कागद पण होते, शाईच्या पेनाचे. ते पार धुऊन गेले, निळं पाणी नुसतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

शुक्रवारी बाहेर काढली. रात्रभर पिशवीतच, नंतर न छापलेल्या कोऱ्या कागदाच्या घडीवर. शाळेची शंभर पानी वही आहे, कव्हर गेलंय. कडेनं सुटतील तेवढीच पानं सोडवायची, मध्ये कोरा टिपकागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. पंखा लांब ठेवला, पानांवर डायरेक्ट वारा नको. घरात तीन दिवस कुणी दार आपटलं नाही.

पहिलं पान सुटलं तेव्हा हात थरथरत होता माझा. कागद चिखलाने चहाच्या रंगाचा झालाय, आखलेल्या निळ्या रेघा सगळ्या पुसल्या आहेत. आणि त्यावर जिजीचं अक्षर जसंच्या तसं. पेन्सिल! शिसं पाण्यात विरघळत नाही. शाईचा पेन घरात एकच होता, तो आप्पांच्या खिशाला, आणि तिच्या वाट्याला पोरांच्या थोट्या पेन्सिली यायच्या, म्हणून ते अक्षर राहिलं. मी सौरभला हाक मारली, तो टॉर्च घेऊन आला पण लागलाच नाही टॉर्च.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई तशीच टाकून दिवसभर ही वही लिहून काढली. आत्याला व्हिडिओ कॉलवर ठेवलं होतं, कारण त्या वेळी ती दहा वर्षांची, बाबा सात, काका चार. तिलाच आठवतंय.

संप ८ मे १९७४ ला सुरू झाला, देशभर, सतरा लाखांच्या आसपास रेल्वे कामगार, जॉर्ज फर्नांडिस पुढारी, त्यांना आधीच अटक झालेली. मागण्या बोनसच्या, आठ तासांच्या ड्युटीच्या. आप्पा संपात. संपवाल्यांना धरून नेतात अशी बातमी कॉलनीत आली तशी माणसं रात्री घराबाहेर राहायला लागली, शेतात, कुणाच्या वस्तीवर. आप्पा ७ तारखेच्या रात्री गेले ते कुठे गेले हे जिजीला पण सांगितलं नाही, विचारलं तर खोटं बोलावं लागू नये म्हणून. क्वार्टर सोडायला लागेल अशी बोलवा होती. १० तारखेला पहाटे जिजीने तिन्ही पोरं घेतली, काका कडेवर, आणि आधी एसटीने मग पायी माहेर गाठलं.

वहीत हे काहीच नाही. वहीत आहे ते असं:

९ मे : पितळी घागर मोड दिली १८.००. वाण्याची उधारी दिली ११.४०.
१० मे : यस्टी, पोरांस लिमलेट ०.१०.

वाण्याची उधारी चुकती करून मग गाव सोडलं तिने. आत्याला हे माहीत नव्हतं, घागर गेली एवढंच माहीत होतं. ती स्क्रीनवर रडायला लागली आणि मी पण.

आणि मग ११ मे पासून जे आहे ते मी तीन वेळा वाचलं. डाव्या बाजूला, जिथं दर महिन्याला पगार लिहायची तिथं:

धसकटं : माझे १.५०
धसकटं : माझे १.५०

ज्वारी काढून झाली की रानात बुडखे राहतात, उन्हाळ्यात ते उपटून वेचून रान साफ करायचं असतं, सीनेकाठच्या काळ्या रानात मेच्या उन्हात. हाताला कापतं ते धसकट, आत्या सांगते की संध्याकाळी आई तळहाताला खोबरेल लावून बसायची आणि मामी म्हणायची, "कशाला उगी जाता लोकाच्या रानात, आम्ही काय जड झालाव का तुमाला?" जिजी म्हणायची, "असू दे, बसून काय करू." स्वतःच्या भावाकडे होती, कुणी काही मागत नव्हतं तरी गेली. २८ मे पर्यंत १४ दिवस. मी बेरीज केली, २१ रुपये. तिने पण केलीये, पानाच्या खाली, आकडा नेहमीपेक्षा जास्त दाबून, आणि आकड्याभोवती गोल.

एवढे दिवस मी "माझे" हा शब्द खर्चाच्या बाजूला शोधत होते. तो जमेच्या बाजूला होता. शीटमध्ये जमेला "कोणाची" असा कॉलमच मी केला नव्हता, आत्ता केला.

संप २७ मे ला मागे घेतला. पुढची नोंद २९ ची:

हे आले. गूळ पाव किलो ०.५०. तांदूळ अर्धा किलो.

मिळालेल्या सगळ्या वह्यांत, १९६३ ते २०१९, हिशेब नसलेली ओळ ही एकच आहे. ह्याला शीटमध्ये रक्कम काय टाकायची म्हणून काकांच्या मुलीने विचारलं. रकाना रिकामा ठेव म्हटलं.

आत्याला ती संध्याकाळ आठवते. आप्पांची दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही, जिजी ओसरीवरनं उठून आत गेली ती बाहेरच येईना, सगळ्यांना वाटलं रडतेय. ती चुलीपाशी तांदूळ निवडत बसली होती. गूळभात केला. त्या घरी गूळभात सणालाच व्हायचा.

९ नोव्हेंबर, रविवार

छपाई होऊन आली. तीन प्रती, प्रत्येकी ६१२ पानं, स्पायरल नाही, शिवून बांधून घेतल्यात. डाव्या पानावर फोटो, उजवीकडे लिहून काढलेलं. शब्द तिचेच ठेवलेत, पयला, यस्टी, राकेल, शुद्ध केलेलं नाही. एक चौथी प्रत पण काढली, मामाआजोबांच्या घरी. काका पुढच्या आठवड्यात घेऊन जातील, पण मामाआजोबांच्या घराच्या भिंतींचा गिलावा अजून ओला आहे म्हणून आणखी थोडे दिवस कुर्डुवाडीतच कपाटात ठेवतो म्हणाले.

मंजनाची नोंद मंजनच छापली आहे. आत्याचा आग्रह होता की खाली टीप नको, कळायचं त्याला कळेल.

वर्षश्राद्धाची यादी बाबा करत होते सकाळी, भाजी, खीर, गुरुजींची दक्षिणा, काय किती. कागद शोधत होते तर मी २०१९ ची वही दिली, तिची पस्तीसएक पानं कोरी आहेत. बाबांनी हातात घेऊन बघितली आणि परत दिली. पाठकोऱ्या कागदावर लिहिली यादी.

राहिलेलं काम: ७४ च्या वहीची शेवटची चार पानं अजून सुटलेली नाहीत, मध्ये चिखल बसलाय. ती जूनची असणार, परत कुर्डुवाडीला आल्यानंतरची. घाई करायची नाही. टिपकागद मंगळवारी बदलायचा.